शकुनबाईनं मागितलेलं शून्य

शाळेच्या फाटकाशी एक निळी पाटी लागली आहे. विहारात जाताना रोज ती दिसते आणि रोज माझ्या तोंडात कडू पाणी येते. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शकुनबाईबद्दल मी वहीत तुकड्यातुकड्यानं बरंच लिहून ठेवलं होतं. ते आज एका जागी लिहिते, म्हणजे पाटी वाचणाऱ्यांना पाटीमागचंही कोणीतरी सांगितलं असं होईल.

आमचं गाव सिहोऱ्याहून बपेऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत, शिक्षक दोन. शकुनबाईनं तिथं बारा वर्षं चूल सांभाळली. वय साठीच्या आसपास, अंगानं काटक, एक डोळा धुरानं कायम लाल. अक्षराची ओळख नाही. पण आज किती पोरं आली, हे हजेरी बघून कळायचं नाही, शकुनबाईला विचारून कळायचं. कोण उपाशी आलं, कोणाला ताप आहे, कोण ताटातला भात घरच्या लहान भावासाठी फडक्यात बांधून नेते, हेही तिलाच माहीत.

सरकारचा नियम असा, की खिचडी वाढायच्या आधी एका मोठ्या माणसानं ती चाखायची आणि 'चव नोंदवही'त शेरा लिहायचा. मी शाळा व्यवस्थापन समितीत माता-सदस्य होते. बुधवार माझा. एका बुधवारी खिचडी खाली लागली होती. शकुनबाईचा हात पोळला होता, म्हणून ढवळणं राहून गेलं. मी भिडेखातर 'चव चांगली' लिहायला घेतलं. तिनं विचारलं, काय लिहितेस. मी सांगितलं.

"करपली हाय तं करपली लिव," ती म्हणाली. "चांगली लिवशील, तं उद्या मी कायले ध्यान देईन?"

मी 'करपली' लिहिलं. मुख्याध्यापक घनश्याम सर माझ्यावर आठ दिवस रुसून होते. शकुनबाई मात्र दुसऱ्या दिवशी तासभर आधी येऊन चुलीपाशी बसली. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं समजते.

तिचा मुलगा मंगरू आणि सून दिवाळी झाली की नागपूरकडच्या वीटभट्टीवर जातात आणि रोवणीच्या, म्हणजे भात लावायच्या, आधी परततात. नात साधना पहिली तीन वर्षं त्यांच्यासोबत गेली. म्हणजे पहिली ते तिसरी तिची भट्टीवर झाली. तिथं ती विटा उलट्या करायची आणि धाकट्या भावाला सांभाळायची. इकडं शाळेत तिचं नाव हजेरीत होतं, तिन्ही वर्षी पासही झाली. चौथीत शकुनबाईनं तिला ठेवून घेतलं. सुनेला ती म्हणाली, पोट्टीले आता माह्यापाशी राहू दे, हे मातीत जाईल नाही तर. तेव्हा कळलं की साधनाला 'क' सुद्धा येत नाही.

पोरगी मठ्ठ नव्हती. आमच्या घराचं काम सुरू असताना अंगणात विटांची थप्पी लागली होती. साधना लांबूनच बघून म्हणाली, काकू, सातशे वीस हायेत. आमच्या घरच्यांनी हट्टानं मोजल्या. सातशे वीसच निघाल्या.

ते वर्ष दोन हजार पंधरा. वरून फर्मान आलं की प्रत्येक मुलाला वाचता आलंच पाहिजे, आणि नाही आलं तर जाब शाळेला. चाचण्या होणार, टक्के निघणार, बाहेरचं पथक येऊन तपासणार आणि पास झालेल्या शाळेला 'प्रगत' म्हणणार. मला आनंद झाला होता, हे कबूल केलं पाहिजे. गरिबाच्या लेकराला येते की नाही, हे इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. आता विचारणार होते. पहिले दोन महिने खरंच चांगले गेले. घनश्याम सरांनी पोरांना घेऊन वर्गाची फरशी अक्षरांनी रंगवली. बाटल्यांची झाकणं, चिंचोके, आगपेटीच्या काड्या असं सगळं घेऊन पोरं जमिनीवर बसायची. साधना चिंचोक्यांत रमली होती.

मग तालुक्याला आढावा बैठक झाली. तिथं सरांना भर सभेत उभं केलं आणि तुमच्या शाळेचा टक्का इतका कमी काहून, असं तीनदा विचारलं. सर परत आले ते वेगळेच होऊन. दुसऱ्या दिवसापासून वर्गाची बैठकच नव्यानं लागली. जी पोरं जरा ढकलली की रेषेपलीकडं जातील, ती पुढं. ज्यांना येते ती मधे. आणि ज्यांना काहीच येत नाही ती पाच पोरं मागं, चुलीच्या खोलीच्या दाराशी. त्या पाचांवर मेहनत करून मार्चपर्यंत काही हाती लागणार नव्हतं, हे सरांनी हिशेबानं ओळखलं होतं. पाचही भट्टीवाल्यांची पोरं. थोड्याच दिवसांत साधना दारातून उठून आत आजीजवळ तांदूळ निवडायला बसू लागली. कोणी उठवलं नाही, कोणी बोलावलंही नाही. एका बुधवारी मी सरांना म्हटलं, तर म्हणाले, ताई, दोघांत चार वर्ग, त्यात दिवसभर माहिती भरून राहिलो, कोणाकोणाले पाहू. खोटं नव्हतं ते. पण ज्यांच्यासाठी हे सगळं सुरू झालं, नेमकी तीच पोरं दाराबाहेर गेली होती.

डिसेंबरात सरांनी शकुनबाईकडून एका कागदावर अंगठा घेतला. साधनासाठी आठवड्यातून एकदा वेगळे शिक्षक येतील, चष्मा मिळेल, असं सांगितलं. वेगळे शिक्षक येणार म्हणून शकुनबाईनं आनंदानं अंगठा दिला आणि त्या दिवशी पोरांच्या खिचडीत जास्तीचं तेल टाकलं. ते शिक्षक दोनदा आले. चष्मा आला, तोही साध्या काचेचा. पोरीचे डोळे ठीकच होते. एक दिवस साधना रडत घरी आली. पोरं तिला मंद म्हणून चिडवत होती, आणि मोठ्या गुरुजींनीच तसं लिहिलं आहे म्हणत होती.

शकुनबाईनं मला सोबत नेलं. मी कागद वाचला. त्यावर 'गतिमंद' लिहिलं होतं. साधनाच्या नावापुढं आणि दाराशी बसणाऱ्या बाकीच्या चौघांच्याही. अशा मुलांचे गुण शाळेच्या टक्क्यात धरत नाहीत, हे मला तिथंच कळलं. पाच पोरं बाजूला काढली की आमच्या शाळेचा टक्का एकदम वर जाणार होता. डॉक्टरनं बघितलं नव्हतं, मायबापांना विचारलं नव्हतं. त्यांना कोण विचारणार, ते भट्टीवर. कागद हातात असताना मला असं झालं, की डाळीत पाल पडली आहे आणि वाढणाऱ्याला ते माहीत आहे.

शकुनबाईनं आवाज चढवला नाही. नाव काढा म्हणाली. सर म्हणाले, आता संगणकात गेलं, मूल्यांकन झालं की काढू, कायले घाई करता. आणि हळूच हेही म्हणाले, की खिचडीचं काम दरवर्षी नव्यानं ठरते, हे तुम्हाला माहीतच आहे. परत येताना ती म्हणाली, विटा मोजते ते पोट्टी मंद हाय, अन् ज्याइले मोजता येत नाही ते गुरुजी हायेत.

इथं माझंही एक लिहायचं आहे. त्याच महिन्यात समितीची सभा झाली. 'शाळेतील सर्व मुले वाचतात' असा ठराव आला. पाचव्या ओळीत माझी सही आहे. समितीचे अध्यक्ष बाबुलालभाऊ म्हणाले, गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे. सगळ्या बायांनी सह्या केल्या, मीही केली. मी रोज सकाळी पंचशील म्हणते, खोटं बोलणार नाही असं रोज तोंडानं म्हणते, आणि हात त्या कागदावर चालला. रोज संध्याकाळी मी वहीत एकेका शीलापुढं दिवसाचा हिशेब लिहिते; त्या संध्याकाळी चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलापुढं काही लिहिलं नाही. जागा कोरीच ठेवली.

पथक आलं ते माघ पौर्णिमेच्या दिवशी. मी अष्टशील घेतलं होतं, पांढरी साडी होती, बारानंतर अन्न घ्यायचं नव्हतं. तरी समितीच्या बायांना वाढायला बोलावलं म्हणून गेले. तीन गाड्या आल्या. पोरांना नवे गणवेश, फाटकाला तोरण. त्या पाच पोरांना घरी राहायला सांगितलं होतं. साहेब लोकांसाठी वेगळा स्वयंपाक ठरला होता. बाबुलालभाऊंच्या घरचा चिन्नोर तांदूळ, वांग्याची भाजी, भजे. शकुनबाईच्या हातच्या वांग्याला आसपासच्या गावांत नाव आहे.

अकरा वाजले तरी धूर दिसेना. घनश्याम सर चुलीच्या खोलीत आले. मी तिथंच पोरांची ताटं पुसत होते. शकुनबाई थंड चुलीपुढं बसलेली, शेजारी साधना, धुतलेला फ्रॉक, डोक्याला तेल. वांगी टोपलीत तशीच. पोरांची खिचडी मात्र तिनं सकाळीच लवकर शिजवून झाकून ठेवली होती. पोरांशी तिचं भांडण नव्हतं.

सरांनी विचारलं, हे काय.

"साधनाले पेपर द्या गुरुजी," ती म्हणाली. "मंग पेटवतो चूल."

सर समजावू लागले. तिला काही येणार नाही, तिचीच फजिती होईल, यादीत नाव आहे, नियमात बसत नाही. ती ऐकत होती आणि काडेपेटी पदराला बांधत होती. बाबुलालभाऊ आले, त्यांनी दम दिला. गावात दुसरी बाई नाही का, म्हणाले. शकुनबाई म्हणाली, आणा ना, वांगी इथंच हायेत. एवढ्यात बाहेर पथकाच्या साहेबांनी जेवणाचं विचारलं. बस, पाच मिनिटांत साधना चौथीच्या वर्गात मागच्या ओळीत बसली, पेपर तिच्या हातात. इतके महिने जे नियमात बसत नव्हतं, ते भज्यांसाठी बसलं.

साधनानं पेपरवर वरच्या कोपऱ्यात एक फूल काढलं. दुसरं काही नाही. वेळ संपेपर्यंत ती पेपरवर हात ठेवून बसून होती. खाली बघत नव्हती, इकडं तिकडंही बघत नव्हती. शेजारच्या मुलीला पर्यवेक्षक बाईंनी उत्तर बोटानं दाखवलं, ते मी खिडकीतून पाहिलं. साधनाजवळ मात्र त्या थांबल्या नाहीत.

अडीच वाजता पंगत बसली. मी वाढत होते. साहेबांनी भाजी दोनदा घेतली, भाताचा वास छान आहे म्हणाले. हात धुताना त्यांना मागच्या ओळीतला तो कोरा पेपर आठवला. घनश्याम सरांना ते म्हणाले, आणि माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता म्हणून मी ऐकलं, "कोरा पेपर वर पाठवू नका. उगाच सगळ्यांना त्रास. तुम्ही बघून घ्या." मग त्यांनी बडीशेप मागितली. मी तांब्या खाली ठेवला आणि मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. तिथं शकुनबाई खरकटी भांडी घेऊन बसली होती. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, कित्येक दिवसांनी.

"कोरा दिला पोट्टीनं," ती मला म्हणाली. "आता तरी त्याइले दिसन, हिले येत नाही म्हणून."

मी जे ऐकलं ते तिला तेव्हा सांगितलं नाही. तिचं समाधान मोडवेना.

निकाल एप्रिलात लागला. शाळा प्रगत झाली. फाटकाशी निळी पाटी आली, बाबुलालभाऊंच्या हस्ते नारळ फुटला. पाटीचा रंग ओला असताना तिला हात लावू नका म्हणून मोठी माणसं पोरांना ओरडत होती. गुणपत्रकं वाटली. शकुनबाईनं साधनाचं माझ्याकडं आणलं. मराठी, चाळीसपैकी चौतीस. मी दोनदा वाचलं. मग तिला सगळं सांगितलं, पंगतीतलंही.

ती तशीच उठून शाळेत गेली, मी मागोमाग. सर पाटीखालीच उभे होते.

"शून्य लिवा गुरुजी," ती म्हणाली.

सर हसले. म्हणाले, शकुनबाई, लोक मार्क वाढवून मागतात, तुमी कमी मागता. पोरगी पास झाली, यादीतूनही नाव काढलं, आता मंद कोणी म्हणणार नाही, तुमचंच भलं केलं.

"शून्यवाल्या पोट्टीले शिकवा लागते," शकुनबाई म्हणाली. "चौतीसवालीले कोन शिकवते? आधी मंद म्हणून शिकवली नाही, आता हुशार म्हणून शिकवनार नाही. शून्य लिवा अन् अजून एक साल ठेवा हिले."

सरांच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यांनी खरं तेच सांगितलं, की ते आता त्यांच्याही हातात नाही. निकाल वर गेला, संगणकात त्याला कुलूप लागलं, पास मुलाला त्याच वर्गात ठेवता येत नाही. त्यांना झोप लागत नाही असंही म्हणाले. लागू नये, असं मला वाटलं. प्राणिमात्रावर मैत्री करावी अशी रोज प्रार्थना करणारी मी, त्या दिवशी माझ्या मनात त्या माणसासाठी मैत्री नव्हती, किळस होती. माझी पाचव्या ओळीतली सही आठवली, तेव्हा त्या किळसेचा वाटा माझ्याकडंही आला.

शकुनबाईनं आत जाऊन गुणपत्रक सरांच्या टेबलावर ठेवलं आणि ती निघून आली. तो कागद अजून शाळेच्या कपाटात आहे. जूनमध्ये खिचडीचं काम दुसऱ्या बचत गटाला गेलं. कारण कोणी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. ती रोवणीला जाऊ लागली.

पाचवीची शाळा शेजारच्या गावी, दीड कोसावर. प्रवेशाच्या दिवशी अर्ज वाचायला ती मला घेऊन गेली. वर्गशिक्षक तेजराम सर, तरुण माणूस, रजिस्टर उघडून बसले होते. प्रगत शाळेची मुलगी म्हणून त्यांनी कौतुकानं बघितलं.

"हिले वाचता येत नाही," शकुनबाई म्हणाली. "कागदावर चौतीस हाय. ते खोटं हाय. तुमी शून्य लिवून घ्या."

तेजराम सरांनी माझ्याकडं बघितलं. मी खरं आहे म्हटलं. ते म्हणाले, की त्यांनी शून्य लिहिलं तर विचारणा त्यांनाच होईल. चौतीसची मुलगी त्यांच्या वर्गात आली आणि शून्य झाली, असं दिसेल. आणि सप्टेंबरात चाचणी आहेच. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मंग मी बसतो इथं," ती म्हणाली. "आता माह्यापाशी चूल तं नाही."

आणि ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. साधना तिच्या शेजारी. मीही बसले. पोरं येता जाता बघत होती. शाळा सुटली, वर्ग झाडून झाले, तेव्हा तेजराम सर बाहेर आले. रजिस्टर त्यांच्या हातात नव्हतं. शर्टाच्या खिशातून त्यांनी स्वतःची छोटी डायरी काढली आणि उभ्या उभ्याच लिहिलं. लिहिलेलं शकुनबाईला वाचूनही दाखवलं: साधना, पाचवी, अक्षरओळख नाही.

"रोज अर्धा तास आधी पाठवा, आजी," ते म्हणाले. "मी येत जाईन. पण कोणाले सांगू नका. हा वर्ग कोणत्या आदेशानं चालवता, म्हणून विचारतील."

म्हणजे आमच्या भागात आता एका पोरीला 'क' शिकवायचा तर चोरून शिकवायचा. इतके फर्मान, इतक्या गाड्या, इतक्या चाचण्या, आणि शेवटी एका मास्तरच्या खिशातली डायरी. ती डायरी कोणत्याही टक्क्यात येणार नाही. बाकीच्या चौघांपैकी दोघं परत भट्टीवर गेली. त्यांच्यासाठी व्हरांड्यात बसणारं कोणी नव्हतं. कागदावर तीही पास आहेत.

पहिली बस उशिरा येते, म्हणून शकुनबाई साधनाला तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, पायी पोचवते आणि तिथूनच कामावर जाते. काल परत येताना ती माझ्या अंगणात पाणी प्यायला थांबली. मी वही घेऊनच बसले होते. तिला बरं वाटावं म्हणून मीच म्हटलं, आता साधनाला वाचता येत असेल.

"नाही," ती म्हणाली. "'म' आला. 'भ' पाहून अजून 'म'च म्हणते. काना बसला की अडते." तिनं पेला उपडा ठेवला आणि माझ्या वहीकडं बोट केलं. "तसंच लिव."